मैदानावरचा ‘विद्यार्थी’ कोण?

दरवर्षी सत्र सुरू झालं की जिमखान्याच्या बोर्डावर एक नोटीस लागते. ‘आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी इच्छुक विद्यार्थ्यांनी आपली नावे नोंदवावीत.’ मेसकडे जाता जाता आपण ती वाचतो आणि पुढे निघतो. त्यातला ‘विद्यार्थी’ हा शब्द इतका साधा, की त्याच्यापाशी कोणी थांबत नाही. पण कॉलेजांच्या खेळांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास बघितला तर बहुतेक सगळी भांडणं, सगळे नियम आणि बरेचसे पराक्रम याच एका शब्दाभोवती फिरताना दिसतात. विद्यार्थी कोणाला म्हणायचं? तो कोणाकडून खेळणार? आणि जो विद्यार्थीच होऊ शकला नाही त्याचं काय? ‘ह्याचा आपल्याशी काय संबंध’ असं वाटणाऱ्यांनी जरा दम धरावा, गोष्ट शेवटी अमरावती-परतवाडा रोडवरच येणार आहे.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करावी लागेल. तिथे एका भागातली काही विद्यापीठं एकत्र येऊन आपला एक गट करतात, नियम ठरवतात, वर्षभर एकमेकांशी खेळतात आणि आपला विजेता ठरवतात. अशा गटाला ते ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. दोन कॉलेजांमधली तिथली पहिली स्पर्धा १८५२ ची, हार्वर्ड आणि येल यांच्यातली नौकांची शर्यत. तिचा खर्च केला एका रेल्वे कंपनीने, कारण तळ्याकाठच्या त्या गावाला प्रवासी हवे होते. म्हणजे बघा, स्पॉन्सर आधी आला आणि नियम नंतर!

नियम यायला चाळीसेक वर्षं गेली. तोवर फुटबॉलचं वेड इतकं वाढलं होतं की जिंकण्यासाठी भाडोत्री खेळाडू आणले जायचे. नाव एका कॉलेजात, हंगाम संपला की पठ्ठ्या गायब, पुढच्या वर्षी दुसऱ्याच कॉलेजच्या जर्सीत हजर. वर्गात त्याला कोणी पाहिलेलं नसायचं. शेवटी जानेवारी १८९५ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात सात विद्यापीठांचे अध्यक्ष बसले. त्यातून १८९६ मध्ये जो गट उभा राहिला तोच पुढे ‘बिग टेन’ म्हणून जगभर गाजला. या मंडळींनी सुरुवातीलाच काय ठरवलं? मैदान किती लांबीचं असावं हे नाही, ढाल कोणाला द्यायची हेही नाही. त्यांनी ठरवलं की खेळेल तो खराखुरा, पूर्णवेळ विद्यार्थी असला पाहिजे, आणि त्याचा अभ्यास मागे पडलेला नसला पाहिजे. आपल्याकडच्या प्रत्येक पात्रता फॉर्मवर प्राचार्यांच्या सहीचा जो चौकोन असतो, त्याच्या मागे हाच विचार आहे.

या गटाची सगळ्यात मोठी दुपार २५ मे १९३५ ची. ॲन आर्बर गावात बिग टेनच्या मैदानी स्पर्धा चालू होत्या. म्हणजे आपल्या भाषेत आंतरविद्यापीठ मीट, ऑलिंपिक नव्हे. ओहायो स्टेट विद्यापीठाचा एक विद्यार्थी त्या दिवशी पाठीच्या दुखण्याने नीट वाकूही शकत नव्हता. काही दिवसांपूर्वी तो जिन्यावरून पडला होता. त्याने शंभर यार्डांत जागतिक विक्रमाची बरोबरी केली, मग लांब उडीत एकच उडी मारली आणि विक्रम मोडला, मग २२० यार्ड, मग २२० यार्ड अडथळे. पाऊण तासात तीन विश्वविक्रम आणि एकाची बरोबरी! ती ८.१३ मीटरची उडी १९६० पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, कोणाला मोडता आली नाही. त्याचं नाव जेसी ओवेन्स.

हॉस्टेलवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. याच ओवेन्सला त्याच्या विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये राहायची परवानगी नव्हती, कारण तो कृष्णवर्णीय होता. तो बाहेर, गावात राहायचा. शिष्यवृत्ती नव्हती. शिक्षणाचा खर्च भागवायला सरकारी इमारतीत लिफ्ट चालवायचा. कागदावर तो पूर्ण विद्यार्थी होता, मैदानावर विद्यापीठाचा अभिमान होता, आणि रात्री झोपायला मात्र त्याला आवारात जागा नव्हती. आपल्याला रूम पार्टनर घोरतो म्हणून तक्रार असते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३६ मध्ये, ओवेन्सने बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं घेतली हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच वेळी त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीची पोरं होती, हे किती जणांना माहीत आहे? श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे गेलं होतं आणि त्यांनी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था तेव्हा अवघी बावीस वर्षांची. बोटीचा प्रवास, परका मुलूख, आणि जगाला दाखवायला काय, तर आपल्या गल्लीतला खेळ. कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली ती १९९० मध्ये, बीजिंगला. म्हणजे अमरावतीने चोपन्न वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. मला विचाराल तर अमरावतीच्या प्रत्येक कॉलेजच्या जिमखान्यात ‘१९३६’ हा आकडा रंगवून ठेवायला हवा. आपण तिथे सचिन आणि अर्नोल्डची पोस्टर लावतो.

आता आपल्या रचनेकडे येऊ. आपल्याकडे ‘कॉन्फरन्स’ नावाची गोष्ट नाही. तिचं काम आपल्याकडे विद्यापीठाची हद्द करते. अमेरिकेत विद्यापीठं ठरवतात की आपण कोणाबरोबर खेळायचं. इथे ते सरकारी राजपत्र ठरवतं. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं १९२३ मध्ये, आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं, जे पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. तेव्हापासून वऱ्हाडातला खेळाडू विद्यापीठाकडून खेळायचा म्हणजे नागपूरकडून खेळायचा. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं (‘संत गाडगे बाबा’ हे नाव २००५ मध्ये लागलं), तेव्हा अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाणा हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम निघाला आणि पाच झाले. साठ वर्षं जो संघसोबती होता, तो नागपूरचा गडी एका रात्रीत प्रतिस्पर्धी झाला. पण याची दुसरी बाजूही आहे. आधी अख्ख्या विदर्भातून एक संघ निवडला जायचा, आता वऱ्हाडाचा स्वतंत्र संघ. चिखलीच्या, दर्यापूरच्या, पुसदच्या पोरापोरींना अंगावर विद्यापीठाचा ट्रॅकसूट चढण्याची संधी वाढली. माझ्या मते १९८३ चा वऱ्हाडातल्या खेळाला झालेला सर्वात मोठा फायदा हाच.

शिडी अशी आहे. आधी कॉलेजची निवड. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, जिथे विद्यापीठातली कॉलेजं एकमेकांशी भिडतात. तिथून विद्यापीठाचा संघ. त्यात आलात की ‘कलरकोट’ची वाट उघडते. पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या देशपातळीवरच्या स्पर्धा. ही संस्था १९२५ मध्ये ‘आंतरविद्यापीठ मंडळ’ म्हणून सुरू झाली आणि आजचं नाव तिला १९७३ मध्ये मिळालं. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांसारख्या सांघिक खेळांत आधी विभाग असतात. आपण पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात. मैदानी स्पर्धांना, म्हणजे धावणे, उड्या, फेक यांना, विभाग नसतो. थेट अखिल भारतीय. राज्यपातळीवर ‘अश्वमेध’ हा महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव आहेच. क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा तर १९३५-३६ पासूनची, म्हणजे ओवेन्सच्या त्या दुपारच्याच वर्षातली. विद्यापीठांच्या एकूण कामगिरीवर मौलाना आझाद करंडक दिला जातो तो १९५६-५७ पासून. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून जास्त वेळा नेला आहे. पंजाबात दूध-दही खातात म्हणून, असं आपण म्हणतो आणि विषय संपवतो. खरं तर तिथल्या कॉलेजांत खेळाडूचं हॉस्टेल, प्रशिक्षक आणि मैदान यांवर वर्षानुवर्षं पैसा पडला आहे.

या हद्दीची गंमत बघा. समजा परतवाड्याच्या एका शाळेच्या खो-खो टीममधली चार पोरं बारावीनंतर एकाच एस.टी.ने अमरावतीला आली. पहिला आपल्यासारखा अमरावती विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. दुसरा मेडिकलला. तो अमरावतीत राहूनही खेळणार नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, कारण १९९८ पासून राज्यातली मेडिकल कॉलेजं त्याच्याकडे आहेत. तिसरा कृषी महाविद्यालयात. तो अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा खेळाडू. चौथ्याने इंजिनिअरिंगच घेतलं, पण त्याचं कॉलेज लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेलं निघालं, तर त्याचं विद्यापीठ थेट रायगड जिल्ह्यात! चौघंही संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात, आणि पश्चिम विभागात एकमेकांविरुद्ध उतरू शकतात. म्हणजे तुम्ही कोणाकडून खेळता हे तुमच्या गावावर ठरत नाही, कॉलेजच्या संलग्नतेच्या कागदावर ठरतं. प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरताना प्लेसमेंट सगळे बघतात. जो खेळतो त्याने ही ओळसुद्धा वाचून घ्यावी.

अमेरिकेत मात्र ‘प्रादेशिक’ हा शब्दच आता पातळ झाला आहे. २०२४ पासून बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं आहेत आणि त्यांत पॅसिफिक किनाऱ्यावरचं लॉस एंजेलिसही येतं नि अटलांटिककडचं न्यू जर्सीही. कारण एकच, टी.व्ही.चा पैसा. त्याहून मोठा बदल जून २०२५ मध्ये झाला. न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. १८९५ साली सात अध्यक्षांनी ज्या भाडोत्रीपणाला दार लावलं होतं, ते एकशे तीस वर्षांनी मुख्य दरवाजातून आत आलं. हे वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. हजारो लोक तिकीट काढून ज्याला बघायला येतात, त्याला फक्त टाळ्या देणं हाही अन्यायच होता.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. आपल्या विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयं आहेत, आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं त्यातलं सर्वांत नावाजलेलं. मैदानी स्पर्धेत आपला इंजिनिअरिंगचा गडी आठशे मीटरला उभा राहतो तेव्हा शेजारच्या लेनमध्ये त्यांचा विद्यार्थी असतो. मग हॉस्टेलवर परत आल्यावर ऐकू येतं, “काहून बे, त्याइचा तर धंदाच हाय पयन्याचा, आपला कुठं टिकाव लागनार!” ह्या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि बराच आळस आहे. तो विद्यार्थी भाडोत्री नाही. त्याचं मैदान ही त्याची लॅब आहे, तो तिथे सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिकल करतो. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतो तसं त्याला चालत नाही. तरीही विद्यापीठाने वेळापत्रक आखताना इंजिनिअरिंगच्या परीक्षा बघाव्यात, ही आपली मागणी रास्त आहे. हिवाळी परीक्षा आणि निवड चाचण्या जवळजवळ आल्या की आपल्याकडची निम्मी नावं तिथेच गळतात. प्रॅक्टिकल बुडालं तर ते परत घेण्याची तयारी ज्या विभागप्रमुखांनी दाखवली, त्यांच्याच विभागातून खेळाडू निघाले, हे कोणत्याही कॉलेजची जुनी मासिकं चाळली तर दिसेल.

शिक्षकांच्या पाठिंब्याचं सर्वांत मोठं उदाहरण कोल्हापूरचं. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. कॉलेजच्या कुस्त्यांत त्याच्या लहान चणीकडे बघून त्याला घ्यायलाच तयार नव्हते. तो प्राचार्य खर्डेकरांकडे गेला आणि त्यांनी उतरू दिलं. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा याच प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबाने कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कॉलेजच्या वार्षिक कुस्तीत नाव नोंदवून घेतलं नसतं, तर? स्टाफरूममध्ये हा लेख वाचला जात असेल तर एवढं वाक्य जरा मोठ्याने वाचावं.

शिडीच्या वरच्या टोकाला जागतिक विद्यापीठ स्पर्धा आहे, १९५९ मध्ये इटलीतल्या ट्युरिनला सुरू झालेली. २०१७ मध्ये तैपेईला आपल्या नाशिकच्या संजीवनी जाधवने दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेतलं. २०२३ मध्ये चीनमधल्या चेंगडूला भारताने २६ पदकं आणली, त्यात ११ सुवर्ण. २०२५ च्या जर्मनीतल्या स्पर्धेत मात्र एक विलक्षण प्रकार घडला. बॅडमिंटनचे बारा खेळाडू गेले, आणि त्यातल्या सहाच जणांना मिश्र सांघिक स्पर्धा खेळता आली. बाकीच्यांची नावं अधिकृत यादीत वेळेवर गेलीच नव्हती. संघाने कांस्यपदक मिळवलं, पण सहा जण इतक्या लांब जाऊन बाकावर बसले. फॉर्मची शेवटची तारीख हा विषय फक्त आपल्या जिमखान्याचा नाही!

देशातही २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा होतात. पहिली भुवनेश्वरला, पंजाब विद्यापीठ विजेतं. २०२२ ला बंगळुरूचं जैन विद्यापीठ, २०२४ ला चंदीगड विद्यापीठ. ही शेवटची दोन्ही खासगी. ती चांगल्या खेळाडूंना फी माफ करून बोलावतात. म्हणजे ‘विद्यार्थी आधी की खेळाडू आधी’ हा शिकागोच्या हॉटेलातला प्रश्न इकडेही येऊन पोचलाच. खेड्यातल्या पोराला त्यामुळे मोफत पदवी मिळत असेल तर मला त्यात काही गैर दिसत नाही. फक्त ती पदवी खरी असावी, तो वर्गात बसलेला असावा.

आता माझ्या गावाबद्दल थोडं. मी सेमाडोहचा. परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आत. (त्या नदीच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज अमरावतीत आहे, म्हणून नाव ऐकलेलं असेल.) अमरावतीहून शंभरेक किलोमीटर, त्यातला अर्धा घाट. आमच्याकडे पळणं हा खेळ नसतो, ते येण्याजाण्याचं साधन असतं. कोरकू पोरं-पोरी चढावर ज्या दमाने चालतात ते बघून आमच्या क्रीडा संचालक सरांनी एकदा घड्याळच काढलं होतं. पण सपाट शंभर मीटर शोधायचे तर डांबरी रस्त्याशिवाय जागा नाही, आणि पहाटे अंधारात त्या रस्त्यावर जाणं शहाणपणाचं नाही. कारण तिथे आपल्यापेक्षा वेगवान मंडळी राहतात. गावात जे नेमाने पळतात ते पोलीस भरतीसाठी. मुलगे सोळाशे मीटर, मुली आठशे, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. हीच आमची अॅथलेटिक्स.

यातला एखादा आठशे-पंधराशेमध्ये आपल्या कॉलेजच्या विजेत्याला सहज मागे टाकेल, असं मला वाटतं. पण तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या रेषेवर उभाच राहू शकत नाही. दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटलं की ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ या अटीत तो बसत नाही. अट चुकीची नाही, ती का आली ते वर सांगितलंच. पण शिकागोत ती धनदांडग्या संघांचा भाडोत्रीपणा रोखायला केली होती, आणि मेळघाटात तिचा परिणाम असा होतो की ज्याला फी, रूमभाडं आणि मेसचं बिल झेपतं तोच धावतो. गावातल्या पोरांनी म्हणून जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेच्या खुल्या स्पर्धांची चौकशी करावी. तिथे कॉलेजचं ओळखपत्र नाही, वयाचा दाखला लागतो. आणि आपण जे कॉलेजात आहोत त्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर ही माहिती सांगावी, कारण जंगलात नोटीस बोर्ड नसतो.

शेवटी थोडं कामाचं. कॉलेज डेला कोणी शंभर मीटर ११.४ मध्ये पळाला की आपण लगेच मोठ्या स्पर्धेचे निकाल काढून तुलना करतो. हातातल्या स्टॉपवॉचची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ यांत शंभर मीटरला साधारण ०.२४ सेकंदाचा फरक धरतात, कारण हाताने बटण उशिरा दाबलं जातं. म्हणजे ते ११.४ खरे ११.६४ च्या आसपास. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पात्रतेसाठी वय साधारण २५ च्या आत आणि प्रवेश पूर्णवेळ अभ्यासक्रमाला हवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, चालू वर्षाची फी पावती आणि ओळखपत्र यांच्या झेरॉक्स एका फाइलीत आधीच लावून ठेवा. प्रमाणपत्रं जपा, महाराष्ट्रात २००५ पासून खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि कोणत्या पातळीची कामगिरी कोणत्या पदाला चालते ते शासन निर्णयात लिहिलेलं असतं, ते मित्राच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचा. पहिल्या वर्षाच्या मुलींनी नाव द्यायला संकोचू नये. बऱ्याच प्रकारांत मुलींची नोंद इतकी कमी असते की प्राथमिक फेरीच होत नाही, थेट अंतिम फेरी होते. नोंदणीची वही जिमखान्यात क्रीडा संचालक सरांच्या टेबलावर असते, दुपारी साडेतीननंतर.